मुलांना नागपुरातच भूगोल दाखवायचाय: कुठे न्यावं, काय विचारावं?

अभ्यासिका_मानेवाडा | बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्यात छोटी अभ्यासिका चालवते. यंदा अकरावी कलाची दहा-बारा मुलं भूगोलासाठी येतात. स्थान, अंतर, प्रमाण, प्रदेश, जलविभाजक, सगळ्या व्याख्या खडाखडा म्हणतात. पण नागपूर कुठे आहे असं विचारलं की एका सुरात उत्तर, "भारताच्या मध्यभागी." कशावरून? "झिरो माईल आहे नं मॅडम!" (म्हणजे आपल्या शहरातला तो ब्रिटिशकालीन खांब.) त्यावर एका मुलीने विचारलं, मध्यभाग म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजून? बाकीचे हसले. मला मात्र वाटलं की वर्ष सुरू झाल्यापासूनचा पहिला खरा प्रश्न हाच.

तर एखादा रविवार मुलांना घेऊन शहरात फिरायचं ठरवलंय. पुस्तकातली व्याख्या डोळ्यांना दिसेल अशी ठिकाणं सुचवा. बजेट मेट्रोच्या तिकिटाइतकं आणि नाश्त्याइतकं. जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

बर्डीवाला | बुधवार, रात्री ९.५२

अजी ताई, काहून एवढा विचार करून राहिल्या? पोट्ट्यायले झिरो माईलले न्या, चार घोड्यायसंग फोटो काढा, तर्री-पोहे चारा अन् घरी सोडा. झाला भूगोल.

गंमत सोडा, त्या पोरीचा प्रश्न जबरदस्त आहे. मलेबी उत्तर पाहिजे.

लेव्हल_स्टाफ | बुधवार, रात्री ११.०५

मी आयुष्यभर सर्वेक्षणाच्या कामात होतो, आता निवृत्त. झिरो माईलवर बोलायची संधी मिळाली की थांबवत नाही, आधीच सांगून ठेवतो.

तो दगड १९०७ सालचा. ब्रिटिशांनी चालवलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ते एक प्रमाण तलचिन्ह आहे, म्हणजे उंचीची पक्की खूण. त्याचं मुख्य काम मध्य दाखवणं हे नव्हतंच, उंची सांगणं हे होतं: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरला जरासं कमी. आता मुलांना विचारा, इथून जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मग त्याची 'सपाटी' बर्डीत (सीताबर्डीत) कशी आली? उत्तर असं की किनाऱ्यावरच्या बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या, त्यांची सरासरी काढली आणि तिथून लेव्हल आणि स्टाफ (उंचीचा फरक मोजायची दुर्बीण आणि आकड्यांची उभी पट्टी) घेऊन माणसं टप्प्याटप्प्याने देशभर चालत गेली. १९०९ मध्ये अशा नऊ बंदरांच्या नोंदींवरून देशाची उंची मोजायची पायाभूत पातळी ठरली. त्यात मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम होती, तसंच कराचीही होती. म्हणजे आपण 'नागपूर ३१० मीटरवर' असं म्हणतो तेव्हा कशापासून ३१० हे आधी माणसांनी ठरवलेलं असतं.

दुसरी गोष्ट. खांबाजवळच्या षटकोनी दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत. जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८, रायपूर १७४, चांदा १२५, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतुल १०१. मुलांना नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजायला लावा. हैदराबाद सरळ रेषेत साधारण ४२० किमी भरेल. दगडावरचे ३१८ मैल म्हणजे ५१२ किमी. हे वरचे ९० किमी कुठून आले? दगड रस्त्याचं अंतर सांगतो, पक्ष्याचं नाही. नद्या, घाट, मधली गावं, सगळं त्या ९० किलोमीटरमध्ये आहे.

जाता जाता: ज्या सर्वेक्षणाचा हा दगड, त्याची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने केली. तो १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारला. ७८ पूर्व रेखांशाच्या आसपासची त्याची ती प्रचंड मापनरेषा पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

डोंगरवाट_पुणे | गुरुवार, सकाळी ७.१५

सुंदर प्रतिसाद! पण मूळ प्रश्न राहिला. मग भारताचा मध्य नेमका कुठे?

दगडधोंडा | गुरुवार, सकाळी १०.३०

महाविद्यालयात भूगोल शिकवतो, म्हणून तोंड घालतो.

मध्य काढायच्या पद्धतीच अनेक आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं. (अ) जाड पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवून देशाची आकृती कापा आणि ती टाचणीच्या टोकावर कुठे तोलली जाते ते बघा. हा गुरुत्वमध्य. (आ) सर्वांत उत्तरेचं आणि दक्षिणेचं टोक, पूर्वेचं आणि पश्चिमेचं टोक घ्या, दोन्हींचे मध्य काढा. (इ) किनाऱ्यापासून सर्वांत लांबचा बिंदू शोधा. (ई) जमिनीऐवजी माणसं मोजा आणि लोकसंख्येचा मध्य काढा. तो गंगेच्या दाट वस्तीकडे ओढला जाणार हे गणित न करताही कळतं.

त्यात पुन्हा सीमा कोणत्या सालच्या? अंदमान धरायचं का? फाळणीआधीचा देश वेगळा, आजचा वेगळा. आजच्या सीमांनुसार मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाला मध्याचा मान देतात. ते कर्कवृत्ताच्या जवळ, नागपूरच्या बरंच उत्तरेला आहे. म्हणून ताई, त्या मुलीला उत्तर देऊ नका. पुठ्ठा, कात्री आणि टाचणी द्या. वर्गातल्या दोन गटांना दोन वेगळ्या प्रकारचे नकाशे दिलेत तर मध्यही थोडे वेगळे येतील आणि मग खरी भांडणं सुरू होतील.

डोंगरवाट_पुणे | गुरुवार, सकाळी १०.४१

दोन नकाशे, दोन मध्य? देश तर तोच ना?

संत्राबाग_काटोल | गुरुवार, दुपारी १.१०

दगडधोंडा सर, याचं उत्तर मी देतो, आमच्या धंद्यातलं आहे. संत्र्याची साल अख्खी सोला अन् टेबलावर सपाट करून दाखवा. एक तर ती फाटते, नाही तर ताणावी लागते. पृथ्वीची साल कागदावर पसरताना तेच होते. कोणी क्षेत्रफळ सांभाळते अन् आकार बिघडवते, कोणी आकार सांभाळते अन् क्षेत्रफळ फुगवते. आमचं नागपुरी संत्रं सोलायले सोपं, पण सपाट करायले तेबी नाही होत.

दगडधोंडा | गुरुवार, दुपारी १.३५

याच्यापुढे नकाशा प्रक्षेपणावर माझा तास मी घेणार नाही. :)

एमपीएससी_२६ | गुरुवार, दुपारी २.०५

हे परीक्षेला येतं का?

बर्डीवाला | गुरुवार, दुपारी २.०६

नाही येत. जा, पाठ कर.

लेव्हल_स्टाफ | गुरुवार, दुपारी ४.२०

येतं. प्रमाण म्हणून हमखास येतं, आणि तिथेच पोरं घसरतात. ताई, एक काम करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा मिळवा. नागपूर शहरासाठी जुन्या क्रमांकाप्रमाणे ५५ ओ/४. हा क्रमांकही उगाच नाही. ५५ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, २० ते २४ उत्तर आणि ७६ ते ८० पूर्व. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यातला 'ओ' म्हणजे २१ ते २२ उत्तर, ७९ ते ८० पूर्व. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यातला चौथा आपला. ७९ पूर्व रेखांश वाडीच्या आसपासून जातो, म्हणून त्या बाजूला सरकलात की शीट बदलते: ५५ के/१६. आमच्या वेळी फिल्डवर गाडी वाडी ओलांडून गेली की डिकीतून दुसरा नकाशा काढावा लागायचा.

१:५०,००० वर १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पंधरा किलोमीटर रुंदीचं शहर ३० सेंटीमीटरमध्ये बसतं, त्यात अंबाझरी, फुटाळा, नाग नदीची वळणं, सगळं दिसतं. तेच शहर १:१,००,००,००० च्या भारताच्या नकाशावर दीड मिलिमीटर. एक टिंब. मुलांना विचारा, नागपूर बिंदू आहे की क्षेत्र? दोन्ही उत्तरं बरोबर, कोणत्या नकाशावर विचारताय त्यावर.

(आणि एमपीएससीवाल्यांसाठी: १/५०,००० हा अपूर्णांक १/१,००,००,००० पेक्षा मोठा, म्हणून ५०,००० चा नकाशा बृहत्‌प्रमाणाचा. तो कमी जागा जास्त तपशिलात दाखवतो. छेदाकडे बघून फसू नका.)

दगडधोंडा | गुरुवार, सायंकाळी ५.१०

प्रमाणावरून एक ताजं उदाहरण. पिढ्यान्‌पिढ्या आपण भारताचा किनारा ७,५१६ किमी असं पाठ केलं. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ११,०९८ किमी झाला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर गेला. समुद्राने जमीन दिली नाही की नवीन प्रांत जोडला नाही. जुनी मोजणी फार ढोबळ प्रमाणाच्या नकाशावरची, नवी १:२,५०,००० वरची. नकाशा जितका तपशिलाचा, तितक्या खाड्या आणि वळणं मोजणीत येतात आणि लांबी वाढते. आणखी बारीक नकाशा घ्या, आणखी वाढेल. किनाऱ्याची 'खरी' लांबी अशी काही नसतेच, अमुक प्रमाणावरची लांबी असते. पाठ्यपुस्तकात हे वाक्य ठळक छापलं पाहिजे असं माझं मत आहे. आपल्याकडे आकडा छापतात आणि प्रमाण गाळतात.

बर्डीवाला | गुरुवार, सायंकाळी ५.३०

आपल्याले कायचा किनारा सर, आपला फुटाळा तेवढा बरा.

पण एक विचारतो. आपल्याले कोणता समुद्र जवळ? मी तर मुंबईच समजतो.

लेव्हल_स्टाफ | गुरुवार, सायंकाळी ५.५५

सरळ रेषेत मुंबई साधारण ६९० किमी. सुरतेकडचा किनारा ६५० च्या आसपास. आणि विशाखापट्टणम ५८०. आपण बंगालच्या उपसागराला जवळचे, भाऊ.

झाडीबोली | गुरुवार, रात्री ८.१५

मी मूळचा भंडाऱ्याचा. बर्डीवाल्यांचं मुंबई जवळ वाटणं मला महत्त्वाचं वाटतं, त्याला हसू नका. माणसाच्या डोक्यातलं अंतर किलोमीटरचं नसतं. राजधानी तिकडे, मंत्रालय तिकडे, पोरं नोकरीला तिकडे, म्हणून मुंबई जवळ. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किमी, आणि मुंबई आणखी जवळ 'आली'. मधली जमीन एक इंचही आटली नाही, प्रवासाचे तास अर्ध्यावर आले. विशाखापट्टणमला कोण जातं?

पण पाण्याला मंत्रालय कळत नाही. आपल्या नद्या बंगालच्या उपसागरालाच जातात आणि पावसाळ्यातले मोठे झोडपणारे पाऊस बहुतेक वेळा तिकडच्याच कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतात. माणसांचं तोंड पश्चिमेला, पाण्याचं पूर्वेला. हे नागपूरचं सापेक्ष स्थान.

ताई, अक्षांश-रेखांश (झिरो माईल २१° ०९′ उत्तर, ७९° ०५′ पूर्व) हे निरपेक्ष स्थान. ते बदलत नाही. सापेक्ष स्थान मात्र गाडी, रस्ता, राजधानी बदलली की बदलतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी झालं. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता इथे काढली, कारण कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, रूळ दारात. १९५६ मध्ये राजधानीपण गेलं. अक्षांश तोच, गाव वेगळं.

अभ्यासिका_मानेवाडा | गुरुवार, रात्री ९.२०

झाडीबोली, "अक्षांश तोच, गाव वेगळं" हे मी फळ्यावर लिहिणार आहे, चालेल ना?

सगळ्यांचे आभार. आता दोन शंका. एक, अक्षांश उन्हात दाखवता येईल का? मुलं म्हणतात, नागपूर तापतं कारण आपण विषुववृत्ताजवळ आहोत. दोन, 'प्रदेश' कसा दाखवू? तो तर कुठे दिसतच नाही.

दगडधोंडा | गुरुवार, रात्री १०.४५

पहिल्या शंकेसाठी नागपूर म्हणजे आयती प्रयोगशाळा आहे. आपण कर्कवृत्ताच्या (सुमारे २३.५°) दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. नागपुरात २६ मेच्या आसपास एकदा आणि १७ जुलैच्या आसपास पुन्हा. त्या दिवशी उभी काठी दुपारी सावली टाकतच नाही. तेही बाराला नाही, २६ मे रोजी साधारण १२.१० ला. कारण आपलं घड्याळ ८२° ३०′ रेखांशाचं, आपण ७९° ०५′ वर, दर अंशाला ४ मिनिटं धरली तर नागपूरचा सूर्य घड्याळाच्या साधारण पावणेचौदा मिनिटं मागे. त्यातून मे महिन्यातला सूर्याचा स्वतःचा तीनेक मिनिटांचा पुढेपणा वजा करा.

आता गंमत बघा. नवतपा २५ मेच्या सुमारास सुरू होतो. आपल्या आजी-पणजींनी सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवस होरपळ असं बांधलेलं गणित, आणि त्याच दिवसांत नागपूरवर सूर्य डोक्यावर. छान जुळतं. पण मुलांना लगेच पुढचा प्रश्न विचारा: मग १७ जुलैलाही सूर्य तसाच डोक्यावर असतो, तेव्हा का होरपळत नाही? मेचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश, जुलैचं ३१-३२. अक्षांश तोच, सूर्याची उंची तीच, अकरा अंशांचा फरक. ढग, पाऊस, ओली जमीन, वाऱ्याची दिशा. मेमध्ये कोरडी जमीन उन्हाचा सगळा मारा स्वतः झेलते, जुलैत त्यातला मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. आणि 'विषुववृत्ताजवळ म्हणून' हे तर कोलंबोला फोन करून मोडता येतं. कोलंबो ७ अंशांवर आहे, समुद्रकाठी आहे, तिथे ४५ कधी होत नाही. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदवलं. समुद्रापासूनचं अंतर हेच इथलं मुख्य कारण.

(२०२४ च्या मे महिन्यात ५६ अंशांचा आकडा मोबाइलवर सगळीकडे फिरला होता, आठवतो? स्वयंचलित केंद्राच्या संवेदकाचा दोष होता असं हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं. आकडा आला की कुठल्या यंत्राचा, कुठल्या जागेवरचा, हे विचारायची सवय मुलांना याच उदाहरणावरून लागेल.)

संत्राबाग_काटोल | शुक्रवार, सकाळी ६.३०

प्रदेशावर मी बोलतो. पश्चिमेकडून गाडीने या. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी: काळी जमीन, कापूस, संत्रं, विहिरी. नागपूर ओलांडून मौदा, भंडाऱ्याकडे जा: बांध्या, धान, तलाव. मधे कुठेच पाटी नाही की 'आता प्रदेश बदलला'. पण शंभर किलोमीटरच्या आत जेवणातली भाकर जाते अन् भात येते.

दगडधोंडा | शुक्रवार, सकाळी ९.००

आणि याचं मूळ पायाखाली आहे. नागपूर दोन दगडांच्या शिवेवर बसलंय. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स त्याच्याच. पूर्वेला शंभर कोटी वर्षांहूनही जुने स्फटिकी खडक. आणि उत्तरेला कामठी, सिल्लेवाडा भागात गोंडवन काळातले गाळाचे खडक, त्यातच आपला कोळसा. बेसाल्ट झिजून काळी माती होते, ती पाणी धरून ठेवते, कापसाला मानवते. पूर्वेचा कठीण खडक पाणी मुरू देत नाही आणि तिकडे पाऊसही जास्त, म्हणून खोलगट जागी बांध घातला की पाणी साठतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) तलाव त्यातूनच झाले.

झाडीबोली | शुक्रवार, सकाळी ९.४०

थांबा सर, "त्यातूनच झाले" नाही. खडकाने तलाव बांधले नाहीत, कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधले. तसाच कठीण खडक आणि तसाच पाऊस इतर मुलखांतही आहे, सगळीकडे असे तलाव आहेत का? निसर्गाने सोय दिली, वापरायची की नाही हे माणसांनी, जमीनदारी व्यवस्थेने, पिकाच्या आवडीने ठरवलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कित्येक गाळाने भरले. खडक तर तोच आहे की.

दगडधोंडा | शुक्रवार, सकाळी १०.०५

हा वाद भूगोलात शंभर वर्षं जुना आहे. एका टोकाला निसर्गच सगळं ठरवतो म्हणणारे, दुसरीकडे विदाल द ला ब्लाशसारखे फ्रेंच अभ्यासक, त्यांचं म्हणणं निसर्ग शक्यता देतो, निवड माणूस करतो. मी स्वतः खडकाच्या बाजूला थोडा झुकलेला आहे, आयडीवरून कळलंच असेल.

संत्राबाग_काटोल | शुक्रवार, दुपारी १२.२०

दोघंही माझ्या बागेत या. जमीन निसर्गाची, पण बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, आम्ही ठरवतो: आंबिया किंवा मृग. आंबिया घ्यायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलते. मृग घ्यायचा तर उन्हाळ्यात ताण अन् पावसाबरोबर फूल. भारी काळी जमीन असली तर ओल लवकर उतरत नाही, ताणच बसत नाही. तिथं निसर्ग जिंकते. पण मधल्या काळात सगळ्यायनं बोअर मारले, पाणी खोल गेलं, आता ताण द्यायची गरजच नाही, आपोआपच बसते. हे कोणत्या बाजूले लिहिता सर?

बर्डीवाला | शुक्रवार, दुपारी १२.३५

हे घ्या!! सर गप्प.

बाय द वे झाडीबोली भाऊ, आपण सगळे वऱ्हाडीच नं? पुण्याचे तर सरसकट तेच म्हणते.

झाडीबोली | शुक्रवार, दुपारी १.१५

पुण्याचे म्हणोत. जुना वऱ्हाड प्रांत वर्धा नदीच्या पश्चिमेला: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. नदीच्या या बाजूला नागपूर प्रांत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला तरी माणसांच्या मनातली नदी राहिली. आणि पूर्वेला आमची झाडीपट्टी, तिची बोली वेगळी, दिवाळीनंतर मंडईतली (गावजत्रेतली) नाटकं वेगळी.

ताई, तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर यातच आहे. एक प्रदेश सारखेपणाचा: धानाचा पट्टा, काळ्या मातीचा पट्टा. दुसरा लोकांच्या मनातला: वऱ्हाड, झाडी. याला सरकारी हद्द नाही, पण कुणी चुकीचं बोललं की भांडण होतं, म्हणजे तो आहे. तिसरा येण्याजाण्याचा. तो दाखवायला मुलांना मेडिकल चौकात न्या आणि बाहेरगावच्या गाड्यांचे नंबर टिपायला लावा. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद. चार राज्यांतली माणसं दुखणं घेऊन नागपूरला येतात. तो नागपूरचा कार्यात्मक प्रदेश, आणि राज्याची सीमा त्याच्या मधून जाते.

(रुग्णांना आणि नातेवाइकांना मुलांनी काही विचारू नये, फक्त पाट्या टिपाव्यात, हे आधी बजावा.)

लेव्हल_स्टाफ | शुक्रवार, दुपारी ३.३०

माझं शेवटचं ठिकाण: वाडीच्या पुढे लाव्हा गावाच्या टेकड्या. नाग नदी इथून निघते. ज्या नदीला आपण शहरात नाला म्हणून नाक मुरडतो, तिचा उगम मुलांनी बघितलाच पाहिजे. पूर्वेकडच्या उतारावर पडलेलं पाणी अंबाझरी, मग नाग, पुढे पिवळी नदी मिळते, मग कन्हान, आणि आंभोऱ्याला वैनगंगा. शहराचं सांडपाणी त्याच वाटेने गोसेखुर्दच्या जलाशयात उतरतं. आणि हिंगण्याच्या बाजूला पडलेलं पाणी वेणेला, जिला हिंगणघाटकडे वणा म्हणतात, आणि तिथून वर्धा नदीला.

दोन थेंब शेजारी पडले, एक वैनगंगेला गेला, एक वर्धेला. मधली रेषा म्हणजे जलविभाजक. व्याख्या वाचून पोरांना वाटतं जलविभाजक म्हणजे सह्याद्रीसारखं काही उंच. इथे तो इतका बुटका आहे की गाडीतून जाताना कळतही नाही. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचल्या तरच सापडतो, म्हणून ५५ ओ/४ आणि ५५ के/१६ दोन्ही सोबत न्या. मुलांनी रेषा शोधून खडूने रस्त्यावर आखली पाहिजे. आणि मग सांगा की हेच दोन थेंब पुढे चपराळ्याजवळ प्राणहितेत पुन्हा भेटतात आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातात.

डोंगरवाट_पुणे | शुक्रवार, दुपारी ३.५०

सीताबर्डी किल्ल्याचं कुणी नाव घेतलं नाही?

लेव्हल_स्टाफ | शुक्रवार, सायंकाळी ४.०५

लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. त्याच टेकडीवरच्या टेकडी गणपती मंदिरावरून चढाचा अंदाज येतो. सपाट मुलखात एवढीच उंची हाती लागते, म्हणून १८१७ ची लढाई तिथे झाली.

अभ्यासिका_मानेवाडा | शुक्रवार, रात्री ९.००

ठरलं. सकाळी मेट्रोने झिरो माईल फ्रीडम पार्क, दगडावरची अंतरं वहीत उतरवणं, मग तिथेच सावलीत बसून पट्टीने नकाशा मोजणं. नाश्ता. मेडिकल चौक, गाड्यांच्या पाट्या. दुपारी टेम्पो करून लाव्हा. पुठ्ठा-कात्री-टाचणीचा खेळ आदल्या दिवशी वर्गात. काठीची सावली २६ मेला मुलांनी आपापल्या गच्चीवर मोजायची, जुलैला पुन्हा, ढगांनी परवानगी दिली तर.

लेव्हल_स्टाफ काका, नकाशे तुमच्याकडे असतील तर एक दिवस उसने मिळतील का? आणि लाव्ह्याला तुम्ही स्वतः आलात तर मुलांचं सोनं होईल.

लेव्हल_स्टाफ | शुक्रवार, रात्री ९.१२

नकाशे आहेत, येतोही. गुडघ्यामुळे वरपर्यंत चढणार नाही, रस्त्यावर खुर्ची टाकून बसेन. खडू मात्र मी आणेन, तुमच्या अभ्यासिकेतले खडू डांबरावर उमटत नाहीत.

संत्राबाग_काटोल | शुक्रवार, रात्री ९.३०

ताई, दिवाळीनंतर पोट्टे घेऊन काटोलले या. आंबियाची तोडणी सुरू राहते. माती हातात घेऊन पाहू द्या, काळी कोणती अन् बरड कोणती. खाली पडलेली संत्री पाहिजे तेवढी खा म्हणा. झाडाले हात लावला तर मात्र मी भूगोल सोडून दुसरंच शिकवीन.